फौजेतून उतरलेला जनरेटर आणि घरची वीज

खान्देशात उन्हाळ्यात वीज गेली म्हणजे नुसता दिवा जात नाही. यावल-रावेरच्या पट्ट्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे गेलेला असतो, धाब्याच्या घरातही भिंती संध्याकाळपर्यंत धग सोडत नाहीत, आणि नेमक्या त्या वेळी पंखा थांबतो, गच्चीवरच्या टाकीत पाणी चढत नाही, शेतात केळीच्या बागेचे ठिबक बंद पडते. वळवाच्या एखाद्या वावटळीत दोन खांब आडवे झाले की रात्रच्या रात्र अंधारात काढावी लागते. २००५ सालच्या जून महिन्यात महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी अस्तित्वात आली. त्यानंतरची काही वर्षे भारनियमनाने किती छळले, हे येथील कोणत्याही गृहिणीस विचारावे. तेव्हापासून 'आपली वीज आपल्या घरात' हा विचार ज्यांच्या मनात घर करून बसला, त्यांच्या कानावर केव्हा ना केव्हा एक गोष्ट पडतेच. ती अशी की, लष्कराने काढून टाकलेले डिझेल जनरेटर लिलावात फार स्वस्त मिळतात, ते मजबूत असतात, आणि एकदा आणून खळ्यात ठेवला की पुढची वीस वर्षे चिंता नाही.

या समजुतीत खरे किती आणि भाबडेपणा किती, याची छाननी करणे हा या लेखाचा हेतू आहे. विषय दिसावयास लहान आहे, परंतु त्यात लाख-दीड लाख रुपयांचा प्रश्न गुंतलेला असतो. प्रसंगी माणसाच्या जिवाचाही असतो. म्हणून तो नीट समजून घेतला पाहिजे.

यंत्र बाहेर येते, फौज बाहेर येत नाही

प्रथम लष्करी जनरेटरचे जे गुण सांगितले जातात ते मान्य करून टाकू. ही यंत्रे जाड पत्र्याची, भक्कम चौकटीवर बसविलेली, धूळ व पाऊस सोसणारी असतात. अनेकदा ती चाकांच्या गाड्यावर चढविलेली असतात. कोठेही ओढून न्यावे आणि सुरू करावे, या हिशेबानेच ती बांधलेली असतात. तेव्हा 'फौजी माल पक्का' हे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही.

परंतु हा पक्केपणा केवळ लोखंडात नसतो. सैन्यामध्ये यंत्रांच्या दुरुस्तीकरिता एक स्वतंत्र दल आहे. १५ ऑक्टोबर १९४३ रोजी स्थापन झालेले हे दल आज 'ईएमई' या नावाने ओळखले जाते आणि त्याच्या मोठ्या कार्यशाळांपैकी एक आपल्या पुण्याजवळ खडकीस आहे. फौजेतला जनरेटर किती तास चालला, तेल केव्हा बदलले, गाळणी केव्हा बदलली, याची नोंद राहते. सुटे भाग कोठारात असतात. ते बसविणारा शिकलेला जवान हजर असतो. यंत्र जेव्हा लिलावात विकले जाते, तेव्हा यंत्र तेवढे बाहेर पडते. नोंदवही, कोठार आणि मिस्त्री ही सारी फौज मागे आतच राहते. जनरेटर स्वस्त का मिळतो, याचे निम्मे उत्तर यात आहे.

टाकाऊ लष्करी मालाचे सोने करता येते, याला आपल्याच देशातले एक ठळक उदाहरण आहे. दुसरे महायुद्ध १९४५ साली संपल्यावर कानपूरजवळ चकेरी येथे लिबरेटर जातीची बाँबफेकी विमाने मुद्दाम निकामी करून टाकून दिलेली होती. बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याने त्यांपैकी चाळीसच्या आसपास विमाने उडण्याजोगी केली. जमशेद मुन्शी या वैमानिकाने ती कानपुराहून बंगलोरला उडवीत नेली, आणि तेथे पूर्ण दुरुस्ती झाल्यावर ती भारतीय वायुदलात दाखल झाली. १९४८ साली सुरू झालेली त्यांची सेवा १९६८ पर्यंत चालली. ही कथा अभिमानाची खरीच. पण त्या भंगारामागे एक अख्खा विमानकारखाना आणि त्याचे कसबी कारागीर उभे होते, म्हणून ते उडाले. तेव्हा आपल्या खळ्यात येणाऱ्या जनरेटरमागे कोण उभे राहणार, हा प्रश्न किंमत विचारण्याच्या आधी विचारावयाचा आहे.

माल विकला कसा जातो

पूर्वी सरकारी खात्यांच्या जादा मालाची विल्हेवाट लावण्याचे काम पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय पाहत असे. ते कार्यालय ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी बंद झाले. संरक्षण खात्याचा निकामी व जादा माल आज मुख्यत्वे एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत संगणकावरील लिलावाने विकला जातो. ही कंपनी १९६४ सालची. बोली लावणाऱ्यास नाव नोंदवावे लागते, अनामत भरावी लागते, आणि माल बहुधा एकेक नग न मिळता ढिगाने मिळतो. त्यामुळे बोली लावणारे बहुतेक भंगाराचे मोठे व्यापारी असतात. यावलचा गृहस्थ जो जनरेटर विकत घेतो, तो प्रत्यक्षात लष्कराकडून नव्हे, तर अशा व्यापाऱ्याच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताकडून घेतो.

या लिलावाची मुख्य अट चार शब्दांची आहे: 'जसे आहे, जेथे आहे'. याचा अर्थ, माल पाहून घ्यावयाचा, नंतर तक्रार चालणार नाही, आणि उचलून नेण्याचा खर्च घेणाऱ्याचा. म्हणून पहिली चौकशी ही करावी की, हा जनरेटर लष्कराने का काढला? काढण्याची कारणे साधारणपणे तीन असतात. एक, तो गरजेपेक्षा जास्त होता. दुसरे, त्या जातीच्या जागी नवी जात आली. तिसरे, त्याची दुरुस्ती परवडेनाशी झाली. या तिसऱ्या वर्गाला सैन्यात 'बीईआर' म्हणतात, म्हणजे दुरुस्तीचा खर्च किफायतशीर राहिलेला नाही असे यंत्र. ज्यांच्याजवळ कार्यशाळा, कारागीर आणि सुटे भाग सारे होते, त्यांनीच ज्याला हात जोडले, ते यंत्र आपल्या गावचा मिस्त्री फायद्यात दुरुस्त करील ही आशा धरणे धाडसाचे आहे. क्वचित ते साधतेही, परंतु तो अपवाद होय.

कागदपत्रांविषयी हयगय करू नये. लिलावातील विक्रीचा कागद, माल सोडल्याचा आदेश आणि व्यापाऱ्याची कर लावलेली पावती या तिन्हींवरील इंजिनाचा क्रमांक यंत्राच्या पाटीवरील क्रमांकाशी जुळला पाहिजे. कागदावाचून सरकारी माल घरात ठेवणे म्हणजे विकतचे दुखणे.

ही वीज आपली आहे काय?

आपल्या घरची वीज २३० व्होल्टची आणि सेकंदास ५० आवर्तनांची असते. हे पन्नास कोठून येतात, ते पाहण्यासारखे आहे. जनरेटरच्या फिरत्या भागावरील चुंबकीय ध्रुवांची संख्या आणि मिनिटास होणारे फेरे यांचा गुणाकार करून त्याला १२० ने भागले की आवर्तने निघतात. चार ध्रुवांचा जनरेटर १५०० फेऱ्यांनी फिरला की ५० आवर्तने मिळतात, आणि १८०० फेऱ्यांनी फिरला की ६० मिळतात.

अमेरिकेत घरगुती वीज ६० आवर्तनांची आहे. तेथे फौजेचे जुने जनरेटर विकत घेऊन घरी ठेवणारे हौशी लोक पुष्कळ आहेत, आणि त्यांचे दहा किलोवॅटचे 'एमईपी-८०३ए' सारखे संच प्रसिद्ध आहेत. पण तेथेही एक फसगत ठरलेली आहे. त्याच कुळातले, तसेच दिसणारे काही संच ४०० आवर्तनांचे असतात. विमाने आणि काही विशिष्ट लष्करी उपकरणे यांना तशी वीज लागते, कारण आवर्तने वाढली की रोहित्रे व मोटारी लहान आणि हलक्या करता येतात. घरातल्या पंख्याला आणि फ्रीजला मात्र ही वीज निरुपयोगी, किंबहुना घातक. आपल्याकडे दुसरी शक्यता आहे. गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर जी जहाजे मोडतात, त्यांच्यावरील जनरेटर पुष्कळदा ४४० व्होल्ट व ६० आवर्तनांचे असतात. वरून हिरवा रंग दिला की जहाजाचा माल आणि फौजेचा माल यांतला फरक साध्या डोळ्यांना कळत नाही. इंजिनाचा वेग कमी करून ६० चे ५० करता येतात खरे, परंतु त्याबरोबर व्होल्टेज घसरते आणि शक्तीही सहाव्या हिश्शाने उतरते. म्हणून पाटीवरील व्होल्ट, आवर्तने आणि फेरे हे तीन आकडे वाचल्यावाचून पुढचे बोलणेच करू नये. पाटी खरवडलेली असेल तर सौदा तेथेच सोडावा.

तिसरी गोष्ट फेजची. मोठे संच बहुधा तीन फेजचे असतात. १५ केव्हीएच्या तीन फेजच्या संचातून घरातील सारी उपकरणे एकाच फेजवर जोडली, तर आपणांस साधारण ५ केव्हीएच वापरता येतात.

मोठा म्हणजे चांगला नव्हे

आपण सामान्यतः असे समजतो की, जनरेटर मोठा असला तर त्याला ताण कमी पडेल आणि तो जास्त टिकेल. डिझेल इंजिनाच्या बाबतीत हे खरे नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा जोराने दाबली की ती तापते आणि त्या उष्णतेने फवारलेले डिझेल पेटते. भार अगदी थोडा असला की सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल अर्धवट जळते, आणि न जळलेल्या तेलाची काळी चिकट काजळी झडपांवर व धुराड्यात साचते. याला कारखान्यांच्या भाषेत 'वेट स्टॅकिंग' म्हणतात. निदान तीस टक्के भार असावा, असा सर्वसाधारण दंडक आहे.

आता हिशेब करून पाहू. चार पंखे ३०० वॅट, दहा दिवे १०० वॅट, फ्रीज १५०, कूलर २००, दूरचित्रवाणी १०० आणि किरकोळ १५०, एकूण १००० वॅट, म्हणजे एक किलोवॅट. १५ केव्हीएचा संच सुमारे १२ किलोवॅटचा असतो आणि त्याचे तीस टक्के म्हणजे ३.६ किलोवॅट. आपले घर त्याला आठ-नऊ टक्केच भार देते. असा संच वर्षानुवर्षे चालविला तर तो श्रमाने मरणार नाही, काजळीने मरेल.

खर्चाचेही तेच. एवढ्या इंजिनाला नुसते फिरत राहण्यासच तासाला सुमारे लिटरभर डिझेल लागते. एक किलोवॅट भारावर ढोबळपणे तासाला सव्वा लिटर धरा आणि डिझेल लिटरला नव्वद रुपये धरा, म्हणजे एक युनिट वीज शंभर रुपयांच्या वर पडते. हाच संच तीन-चतुर्थांश भारावर चालला, तर युनिटला साधारण तिसरा हिस्सा लिटर पुरते आणि खर्च तिशीवर येतो. म्हणजे वीज महाग पडते ती केवळ डिझेलमुळे नव्हे, भार आणि यंत्र यांच्या विजोड लग्नामुळे.

याच्या उलट विहिरीवरचा पंप पाहा. पाच अश्वशक्तीची मोटार चालू असताना साडेचार किलोवॅटच्या आसपास वीज घेते. परंतु थेट सुरू करताना ती क्षणभर पाच-सहा पट प्रवाह ओढते. त्या झटक्यासाठी १५ केव्हीएचा संच योग्य ठरतो. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर झटका एक-तृतीयांशावर येतो व लहान संचावरही भागते. तेव्हा ज्याच्याकडे केळीची बाग आणि घर जवळजवळ आहे, किंवा एका वाड्यात चार बिऱ्हाडे आहेत, किंवा दूध थंड करण्याचा धंदा आहे, त्याने मोठ्या संचाचा विचार करावा. त्यातही आपला उन्हाळा लक्षात घ्यावा. तापलेली हवा विरळ असते आणि रेडिएटरही नीट थंड होत नाही. पाटीवरच्या आकड्यातून दहावा हिस्सा वजा करून मगच हिशेब मांडलेला बरा.

पारख

संच पाहावयास जाताना ओळखीचा डिझेल मिस्त्री आणि परवानाधारक वायरमन अशा दोघांना बरोबर न्यावे. त्यांची दिवसाची मजुरी हा या व्यवहारातला सर्वांत शहाणपणाचा खर्च होय. इंजिन थंड असताना गेले पाहिजे. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी यावे, कारण खोट थंड इंजिन सुरू करतानाच उघडी पडते. धुराचा रंग बोलका असतो. निळा धूर म्हणजे इंजिन तेल जाळते आहे. काळा म्हणजे डिझेल जास्त अगर हवा कमी. पांढरा धूर सुरू करताना क्षणभर चालतो, पण थांबत नसेल तर डिझेल जळत नाही किंवा पाणी सिलिंडरात जाते आहे. तेल भरण्याचे झाकण काढून पाहावे. तेथून वाफेचे लोट येत असतील तर रिंगा गेल्या.

तासांचे मापक फक्त दोनशे तास दाखवीत असेल तर हुरळून जाऊ नये. वीस वर्षांत दोनशे तास चाललेले यंत्र जवळजवळ सारा काळ नुसते उभे होते, असा त्याचा अर्थ. उभ्या यंत्राची रबरे कडक होतात, टाकीत गंज व गाळ धरतो, वेटोळ्यांत ओल शिरते. म्हणून वायरमनने मेगर लावून वेटोळ्यांचे विद्युतरोधन तपासावे. ते एक मेगओहमपेक्षा कमी भरले तर संच चालूच करू नये. दीर्घकाळ पडून राहिलेला जनरेटर फिरतो पण वीज देत नाही, असेही होते. तो जळालाच असेल असे नाही, त्याचे शिल्लक चुंबकत्व गेलेले असू शकते आणि जाणकार कारागीर बॅटरीने ते पुन्हा आणतो. मात्र ते त्याने आणून दाखविल्यावरच पैसे मोजावेत.

शेवटी भाराची कसोटी. पाणी तापविण्याच्या कॉइली किंवा हॅलोजनचे दिवे जोडून संचावर तीन-चतुर्थांश भार टाकावा व तो तासभर चालवावा. भार पडल्यावर आवर्तने ५२ वरून ५० पर्यंत उतरली तर ते स्वाभाविक आहे. ती खाली-वर झोके घेत असतील तर गव्हर्नर बिघडला आहे. या तासाला जो विक्रेता नाही म्हणतो, त्याला आपणही नाही म्हणावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे इंजिन कोणत्या जातीचे आहे. सातारच्या कूपर कारखान्याने १९३३ साली डिझेल इंजिन बनविले, १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली, आणि पुढे विहिरी-विहिरींवर ही इंजिने धडधडू लागली. त्यांतूनच आपल्या तालुक्यांत डिझेल मिस्त्र्यांची पिढी घडली. ज्या इंजिनाचा पिस्टन जळगाव-भुसावळच्या बाजारात मिळतो आणि जे आपल्या मिस्त्र्याने पूर्वी उघडलेले आहे, तेच घ्यावे. परदेशी दुर्मीळ इंजिन कितीही देखणे असले तरी त्याच्या एका सीलसाठी तीन महिने थांबण्याची तयारी आहे काय, हे स्वतःला विचारावे.

वायरमनचा जीव आणि शेजाऱ्याची झोप

आता जी गोष्ट सांगावयाची, ती या लेखातील इतर सर्व विसरले तरी चालेल, पण ही विसरू नये. वीज गेल्यावर काही लोक जनरेटरची वायर सरळ घरातल्या प्लगमध्ये खुपसतात. घरातले दिवे लागतात. पण मुख्य स्विच चालू राहिला तर तीच वीज मीटरमधून उलट खांबावर जाते, खांबावरून रोहित्रात जाते, आणि जे रोहित्र ११,००० व्होल्टचे ४०० च्या घरात उतरविते, तेच उलट बाजूने ते पुन्हा ११,००० पर्यंत चढविते. तार मेलेली आहे असे समजून त्या क्षणी वायरमन खांबावर चढलेला असतो. आपल्या पंख्यासाठी त्याचा जीव जातो.

यावर उपाय एकच. महावितरणची वीज व जनरेटरची वीज कधीही एकत्र येऊ शकणार नाहीत असा चेंजओव्हर स्विच परवानाधारक माणसाकडून बसवून घेणे, आणि तो न्यूट्रलही तोडणारा असणे. त्याबरोबर संचाचे अर्थिंग नीट हवे. ठरावीक क्षमतेपलीकडील संच विद्युत निरीक्षकाच्या तपासणीवाचून चालविता येत नाही. तेव्हा सौद्यापूर्वीच त्या कार्यालयात विचारून घ्यावे.

धुराचेही तसेच. डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. संच ओसरीत, जिन्याखाली किंवा बंद खोलीत ठेवणे म्हणजे झोपेत मरणाला बोलावणे. तो उघड्यावर, खिडक्यांपासून दूर असावा. डिझेल साठविण्यास कायद्याने २५०० लिटरपर्यंत, आणि एकही भांडे १००० लिटरहून मोठे नसेल तर, परवाना लागत नाही. परंतु घराला पन्नास-शंभर लिटरहून अधिक कशास हवे? डिझेल वर्षभरात शिळे होते व पाणी धरते.

आवाजाविषयी २००२ सालच्या मे महिन्यात केंद्र सरकारने नियम केला. त्यानुसार नव्या संचांचा आवाज एक मीटरवर ७५ डेसिबलपेक्षा अधिक असू नये असे ठरले, आणि म्हणून आजचे संच आवाजरोधक पेटीत येतात. जुन्या फौजी संचाला बहुधा ती पेटी नसते. वस्तीत रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबलची आहे. सगळी गल्ली उकाड्याने तळमळत असताना एका घरी पंखा फिरावा आणि त्याची धडधड बाकीच्या वीस घरांनी ऐकावी, हे कायद्यात बसत नाही आणि शेजारधर्मातही बसत नाही. पेटीचा खर्च किमतीत मिळवूनच संच स्वस्त की महाग ते ठरवावे.

मग करावे काय?

ज्याची गरज चार पंखे आणि सहा दिवे एवढीच आहे, त्याने फौजी जनरेटरच्या वाटेस जाऊ नये. बारा व्होल्ट, दीडशे अँपियर-तासांची एक बॅटरी सुमारे एक युनिट वीज सहज देते, म्हणजे तीनशे वॅटचा भार तीन तास चालतो. न आवाज, न धूर. छतावर सौर पट्ट्या बसविणाऱ्यांनी मात्र एक ध्यानात ठेवावे. बॅटरीवाचून जोडलेली सौरयंत्रणा वीज गेली की आपणहून बंद पडते, आणि तीही खांबावरच्या त्याच वायरमनच्या रक्षणासाठी.

ज्याची गरज खरोखर मोठी आहे, त्याने जनरेटर अवश्य घ्यावा, आणि तो फौजेचा असला तरी हरकत नाही. परंतु किमतीच्या जोडीला वाहतूक, दुरुस्ती, नव्या बॅटऱ्या, चेंजओव्हर, चौथरा आणि आवाजाची पेटी यांचा खर्च मांडावा. बॅटऱ्या बहुधा दोन लागतात, कारण लष्करी संच पुष्कळदा २४ व्होल्टवर सुरू होतात. ही बेरीज स्थानिक विक्रेत्याच्या हमी असलेल्या नव्या लहान संचाशी ताडून पाहावी. पुष्कळदा दोन्ही आकडे शेजारी-शेजारी येतात, आणि तेव्हा नवा संच घेणेच शहाणपणाचे.

फौजी संच घेतलाच, तर त्याच्यामागे मागे राहिलेली ती छोटी फौज आपण उभी करावी. एक वही घालावी व तीत प्रत्येक वेळचे तास, डिझेल आणि तेल लिहावे. महिन्यातून एकदा संच अर्धा तास भरपूर भारावर चालवावा, नुसता रिकामा फिरवू नये. गाळण्या, पट्टा आणि तेल यांचा एक जोड घरात ठेवावा. घरातील दोन माणसांना, त्यांत एक गृहिणी असावी, चेंजओव्हर टाकण्याचा क्रम पाठ करवावा, कारण वीज जाते तेव्हा घरचा पुरुष पुष्कळदा शेतात असतो. शक्य तर चार शेतकऱ्यांनी मिळून एक संच घ्यावा आणि त्याची जबाबदारी मात्र एकाच्याच नावावर ठेवावी. सामाईक यंत्र सर्वांचे असते म्हणून कोणाचेच नसते, हा आपल्या खेड्यांचा जुना अनुभव आहे.